मालच तसा येतो!

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्या दुकानात उभे राहायला जागा नसते. कुणाची गेल्या वर्षीची दिव्यांची माळ अर्धीच पेटते, कुणाच्या मिक्सरने ऐन फराळाच्या दिवसांत मान टाकलेली असते, तर कुणाचा पंखा असा फिरतो की त्याची पाती मोजून घ्यावीत. वस्तू काउंटरवर ठेवता ठेवता प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "मिस्त्री, हे मागच्याच वर्षी तर दुरुस्त केलं होतं ना?" आणि गेली चाळीस वर्षे मी एकच उत्तर देत आलो आहे, "काय करता ताई, मालच तसा येतो."

उत्तर मोठे सोयीचे आहे. ते ऐकून ताई सुस्कारा टाकतात, भाऊ मान हलवतात आणि पैसे देऊन घरी जातात. त्या वाक्यात कुणाचेच नाव नाही, म्हणून कुणाचा कुणावर राग होत नाही. पाऊस येतो, वैनगंगेला पूर येतो, धानावर तुडतुडा येतो, तसा माल येतो! तो कुणी केला, कुणी आणला, कुणी विकला आणि अखेर तुमच्या पंख्यात कुणी बसवला, हे विचारायचे कारणच उरत नाही.

या वाक्याविरुद्ध मला आज लिहायचे आहे. सणाच्या अंकात कडू वाढू नये असा संकेत आहे, तो मला ठाऊक आहे. पण कोकणाकडे नरकचतुर्दशीला कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावतात म्हणे. तेवढाच कडूपणा वाचकांनी माझ्याकडून चालवून घ्यावा.

मी पवनीचा. दुकान १९८४ साली टाकले. तेव्हा रेडिओ आणि नुकतेच आलेले टीव्ही दुरुस्त करीत असे. आज पंखे, मिक्सर, इन्व्हर्टर, एलईडीचे दिवे आणि शेतावरच्या मोटरपंपांच्या पेट्या करतो. या साऱ्या वस्तूंच्या पोटात जे बारीकसारीक भाग असतात, रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, रिले, ते आमच्या गावात होत नाहीत. पूर्वीही होत नव्हते आणि पुढेही होण्याचा संभव नाही. ते आणायचे ते नागपूरच्या सीताबर्डीवरून. भिवापूर, उमरेड करीत सुमारे ऐंशी किलोमीटर जायचे, पिशवीत हजार-दोन हजारांचे भाग भरायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. या व्यवहारात मी भागांची यादी नेतो, पैसे नेतो, आणि परत येताना जे घेऊन येतो त्याबद्दल मला एका अक्षराचीही खात्री नसते.

ही गोष्ट आमच्या गावाला शोभत नाही. पवनीच्या माणसाला माल पारखता येत नाही असे कुणी म्हणू नये. तांदूळ दाताखाली धरून तो जुना की नवा हे आमच्या बायका सांगतात. भिवापुरी मिरची हातात घेऊन चुरडली की तिची जात कळते. आमच्याकडे हातमागावर बसणारे जुने विणकर आहेत. रेशमाचा धागा ते दिव्यावर धरतात, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, नाहीतर लबाडी. सोन्याला कसोटी आहे. दुधाला बोट आहे. पण कंडेन्सर? तो एक ॲल्युमिनियमची टोपी आणि तिच्यावरचे छापील वेष्टन. आत काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि फोडला की तो उपयोगाचा राहत नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये असे आपण म्हणतो. त्यांच्या पंगतीला आम्ही कंडेन्सरही नेऊन बसवला आहे.

ज्यांचा या भागांशी संबंध फक्त पंखा हळू झाल्यावर येतो त्यांच्यासाठी थोडे सांगतो. छताच्या पंख्यात साधारण अडीच मायक्रोफॅरॅडचा एक कंडेन्सर असतो. त्याच्या आधाराने पंखा सुरू होतो आणि वेग धरतो. माल हलका असेल तर वर्षभरात त्याची ताकद दीडवर येते, पंखा रेंगाळू लागतो, आणि घरधनी व्होल्टेजला शिव्या देतो. एलईडीच्या दिव्याचेही तेच. ते बारीक चमकते दाणे कित्येक वर्षे टिकावेत असे असतात. पण त्यांना वीज पुरवणाऱ्या मंडळात दोन रुपयांचा कंडेन्सर घातलेला असतो, तो उष्णतेने आतल्या आत सुकतो आणि दिवा मरतो. दोष दिव्याचा म्हणतात. मी अंगठ्याएवढे कंडेन्सर फोडून पाहिले आहेत, तर आत करंगळीच्या पेराएवढा लहान कंडेन्सर बसवलेला आणि उरलेली जागा रिकामी! वर आकडा मात्र मोठ्याचा. असे करायला कारखाना लागतो, माणसे लागतात, वेष्टन छापायला यंत्र लागते. हा माल आपोआप 'येत' नाही.

पूर्वी सगळे सोन्यासारखे होते असे मी म्हणणार नाही. म्हातारपणी तसे म्हणण्याचा मोह होतो खरा. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली निघाली, तिचे ट्रान्झिस्टर आम्ही वापरले. केरळ सरकारने १९७३ साली केल्ट्रॉन काढली, तिचे कंडेन्सर वापरले. दिसायला ओबडधोबड, पण नाव लिहिले असेल तेच आत असे. तरी त्या काळातही खोटा माल होताच. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने काढलेला टू-एन-३०५५ नावाचा ट्रान्झिस्टर लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरमध्ये फार चाले. १५ अँपिअर आणि ११५ वॅट ही त्याची ताकद. गणपतीच्या दिवसांत माझ्याकडे जळलेले अँप्लिफायर येत. त्यांतले ट्रान्झिस्टर करवतीने कापले, तर काहींच्या त्या भारदस्त लोखंडी टोपीखाली सिलिकॉनचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा! हत्तीच्या हौद्यात उंदीर बसवलेला. तेव्हा मी हसलो होतो आणि ते कापलेले ट्रान्झिस्टर गिऱ्हाइकांना गंमत म्हणून दाखवीत असे. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

कळले ते दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात. रोवणीचे दिवस होते आणि पावसाने आठ-दहा दिवस दडी मारलेली. आसगावकडच्या एका शेतकऱ्याने आपल्या पंपाची पेटी माझ्याकडे आणली. तीन फेजवर चालणाऱ्या मोटरीची एक फेज गेली तर मोटर उरलेल्या दोन तारांवर घुसमटत राहते, तापते आणि जळते. तसे होऊ नये म्हणून पेटीत एक पहारेकरी मंडळ बसवलेले असते आणि रिले हा त्या पहारेकऱ्याचा हात. फेज गेली की त्याने सर्किट तोडायचे. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची. शेतकरी बटण दाबून झोपतो तो या पहारेकऱ्याच्या भरवशावर. मी जुना रिले काढला, नवा बसवला, तपासला, चालला. दीडशे रुपये घेतले.

तिसऱ्या रात्री एक फेज गेली. पहारेकऱ्याने पाहिले, पण त्याचा हात हलला नाही. रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसले होते. पेटीतल्या ओव्हरलोडची मर्यादाही कुणीतरी पूर्वीच वर नेऊन ठेवलेली. पंप सारखा बंद पडतो म्हणून आमच्याकडे तसे सर्रास करतात, आणि ती खाली आणणे माझे काम होते, तेही मी केले नाही. सकाळी मोटर जळल्याचा वास बांधावर येत होता. रिवाइंडिंगला दिवस गेले, शेजाऱ्याचा पंप मिळेपर्यंत आणखी गेले, आणि एका बांधीतली रोवणी उभ्या उभ्या करपली.

ते शेतकरी पेटी घेऊन आले तेव्हा मी शिव्या ऐकायच्या तयारीने उभा राहिलो होतो. ते वयाने माझ्याहून मोठे. स्टुलावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तुमी तरी काय कराल मिस्त्री? मालच तसा येते."

माझेच वाक्य त्यांनी मला सांत्वनासाठी परत दिले!

त्यांच्यामागे मी तो रिले फोडला. त्याच्या अंगावर एका नामांकित कंपनीचे नाव छापलेले होते. थिनरचा बोळा फिरवताच ते नाव कापसावर आले. पॉइंटवर चांदीचा नुसता भास होता, खाली तांबे. आणि आता जे लिहायचे ते लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते टाळले तर हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही. तो रिले मी अठरा रुपयांना घेतला होता. त्या कंपनीचा तसा रिले पन्नासच्या खाली मिळत नाही, हे मला ठाऊक होते. घेताना ठाऊक होते. रिवाइंडिंगचे पाच हजार मी भरून दिले; करपलेल्या बांधीचे काय भरून द्यायचे ते मला कळले नाही.

तेव्हापासून ज्याला त्याला मी हा प्रश्न विचारीत आलो, आणि जी उत्तरे मिळाली त्यांचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

पहिले उत्तर दुकानदाराचे. बर्डीवरच्या ज्या दुकानातून तो रिले घेतला तिथे मी गेलो. नाव सांगत नाही. नाव सांगून एकट्या त्याला सुळावर देण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या शेजारच्या दुकानात वेगळे काही मिळाले असते याची मला खात्री नाही. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्हीच तर स्वस्तातला मागता. असली ठेवला तर तो कपाटातच राहतो." यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते पुऱ्या खोट्यापेक्षा घातक आहे. मी स्वस्त मागितला, कबूल. पण मी 'स्वस्त आणि बिननावाचा' मागितला असता तर त्याने तसा द्यावा. त्याने मला स्वस्तावर नामांकित नाव छापून दिले. साध्या तांदळाला साधा म्हणून विकणे हा व्यापार; त्याच्या पोत्यावर चिन्नोरचे नाव घालणे ही चोरी. मी म्हटले, "बिलावर कंपनीचे नाव आणि रिलेचा नंबर लिहून द्या." तो म्हणाला, "बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील, आणि त्यावर 'इलेक्ट्रॉनिक पार्ट्स' एवढंच येईल." कर द्यायला मी तयार होतो. नाव लिहायला तो तयार नव्हता. या एका नकारात या धंद्याचे सारे मर्म आहे. ज्याला आपल्या मालाचे नाव लिहिता येत नाही, त्याला ते का लिहिता येत नाही हे ठाऊक असते.

निघता निघता मला एक खोडी सुचली. तिच्यामागे एक वाचलेली हकीकत होती. अमेरिकेतल्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयाने एक खोटी कंपनी उभी करून इंटरनेटवरच्या बाजारातून लष्करी उपयोगाचे १६ इलेक्ट्रॉनिक भाग मागवले आणि २०१२ च्या फेब्रुवारीत त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सोळांपैकी एकही खरा निघाला नाही. त्यांत चार नंबर तर असे होते की त्या नंबरचा भाग जगात कुणी बनवलेलाच नव्हता. कार्यालयाने ते मनाने रचले होते. तरीही विक्रेत्यांनी ते पाठवले! मी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात शिरलो आणि मनात येईल तो एक नंबर सांगितला. काउंटरवरचा मुलगा आत डोकावला आणि म्हणाला, "किती देऊ काका?" मी दोन घेतले. ते माझ्या टेबलावर आहेत. कशाचे काम करतात ते मला अजून कळलेले नाही.

दुसरे उत्तर देशभक्ताचे. तो म्हणतो, हे सगळे चीनचे पाप. चिनी माल बंद करा, प्रश्न मिटला. २०१२ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीने खोट्या भागांवर अहवाल दिला. सुमारे १८०० प्रकरणे, दहा लाखांहून अधिक संशयित नग, लष्कराच्या विमानांपर्यंत पोहोचलेले. आणि माग काढलेल्या भागांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांची वाट चीनकडे गेली. तेव्हा देशभक्ताचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण त्याला मी एवढेच विचारतो की माझ्या खोट्या रिलेवरचे नाव ज्या कंपनीचे होते, ती आपला खरा रिले कुठे बनवते? तिचाही एक कारखाना चीनमध्येच आहे. तोच देश चांगलेही करतो आणि वाईटही करतो, मागाल तसे. आणि जुने भाग घासूनपुसून नवे म्हणून विकायला फार दूर जावे लागत नाही. दिल्लीच्या सीलमपुरात टाकाऊ संगणक आणि टीव्ही फोडून त्यांतले भाग वेगळे काढण्याचा मोठा उद्योग चालतो. त्यात मला वाईट काही दिसत नाही. मी स्वतः मेलेल्या टीव्हीतून भाग काढतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, 'हा जुना आहे, तीस रुपये कमी द्या.' जुने जुने म्हणून विकले तर तो गरिबाचा आधार आहे. पाप सुरू होते ते त्याची जुनी अक्षरे खरवडून, वर काळा रंग देऊन, नवी तारीख छापण्यापासून.

तिसरे उत्तर आशावाद्याचे, आणि ते सर्वांत गोड आहे. आता आपल्याकडेच चिपचे कारखाने येत आहेत, मग हे दुखणे राहणार नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये त्यासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोहालीच्या सरकारी कारखान्यात तयार झालेला 'विक्रम' नावाचा प्रोसेसर सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत दाखवण्यात आला. तो मोहालीचा कारखाना १९८९ च्या फेब्रुवारीत आगीत सापडला होता हे ज्यांना आठवते, त्यांचा ऊर ती बातमी वाचून भरून आला असेल, माझाही आला. पण आशावाद्याने हे ध्यानात घ्यावे की खोटा माल कारखाना नसल्यामुळे होत नाही. रिलेचे खरे कारखाने जगात पुष्कळ आहेत. कारखान्याच्या फाटकापासून माझ्या काउंटरपर्यंत जे पाच-सहा हात आहेत, त्यांत कुठेतरी नाव बदलते. उद्या पवनीच्या किल्ल्याच्या खंदकाला लागून चिपचा कारखाना निघाला, तरी बिलावर 'इलेक्ट्रॉनिक पार्ट्स' एवढेच लिहिण्याची रीत राहील तोवर मला खोटाच माल मिळेल. फक्त त्याच्यावर पवनीचे नाव असेल.

कायद्याचे काय, असे वकील मंडळी विचारतील. कायदा आहे. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्याला १९९९ च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट माल विकणे हा गुन्हा आहे. पण अठरा रुपयांच्या रिलेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? आणि चढला तरी हातात कोणता कागद घेऊन? पुन्हा आपण त्या न लिहिलेल्या नावापाशीच येतो.

शिक्षा होत नाही असेही नाही. होते, पण ती नेहमी शेवटच्या माणसाला. २०१४ च्या ऑक्टोबरात स्कॉटलंडच्या एफटीडीआय या कंपनीने आपल्या चिपच्या नकलांचा काटा काढायचे ठरवले. ही चिप संगणकाला इतर यंत्रे जोडून देते. कंपनीने संगणकांत आपोआप उतरणारी अशी आज्ञावली पाठवली की नकली चिप असलेली यंत्रे निकामी झाली. नकल करणाऱ्याचे पैसे केव्हाच वसूल झाले होते. बंद पडले ते भोळेपणाने यंत्र विकत घेणाऱ्याचे. ओरड झाल्यावर कंपनीने ते पाऊल मागे घेतले. मला ती हकीकत वाचताना आसगावची बांधी दिसत होती.

आता चौथे उत्तर. ते माझे आणि तुमचे, म्हणजे मिस्त्रीचे आणि गिऱ्हाइकाचे. गिऱ्हाईक म्हणते, मला काय कळते त्यातले, मिस्त्री सांगेल ते. मिस्त्री म्हणतो, गिऱ्हाईक पैसे देत नाही, मी काय करू. दोघे एकमेकांच्या पाठीमागे लपतात. बाईसाहेब शालूचा पदर उलटा करून विणीचा गाठोडा तपासतात, त्या पंख्याच्या कंडेन्सरवर कंपनी कोणती हे का विचारत नाहीत? विचारतील तर मिस्त्रीला नाव सांगावे लागेल. एकदा सांगावे लागले की ते बर्डीवर विचारावे लागेल. आणि मिस्त्र्यांनो, आपण असली भाग ठेवला तर गिऱ्हाईक पळते हे खरे. माझीही काही पळाली. पण सारीच पळतात हे खोटे. बहुतेकांना आपण कधी दोन किमती सांगून पाहिलेच नाही. आपणच त्यांच्या वतीने स्वस्त निवडले आणि मग त्यांच्या नावाने बोटे मोडली.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना, १९६९-७० साली, आमच्या गावच्या जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठाने आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. शाळा सुटली की आम्ही पोरे तिथे जाऊन बसत असू. टेकडीखालून दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला, आणि त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरे. गुरुजींनी सांगितले की ज्यांनी ते दगड दान दिले त्यांची ती नावे आहेत. त्या वयात मला ते फार सामान्य वाटले. मला वाटले होते राजाची आज्ञा असेल, खजिन्याचा पत्ता असेल. आज ते आठवते तेव्हा वाटते, एक दगड देणाऱ्याने तो कुणी दिला हे त्या दगडावरच कोरून ठेवले. माझ्या रिलेवरही नाव होते. फक्त ते देणाऱ्याचे नव्हते.

विश्वासू पुरवठादार कुठे मिळतो, असा प्रश्न मला आता इतर गावांचे मिस्त्री विचारतात, जणू मी त्याचा पत्ता खिशात घेऊन हिंडतो. तो तसा एका पत्त्यावर बसलेला सापडत नाही. परदेशी मोठे विक्रेते आहेत, माउझर, डिजी-की, एलिमेंट-१४. ते कंपनीकडून थेट माल घेतात आणि भारतात पाठवतात. पण त्यांचा व्यवहार कारखान्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या मापाचा. दहा रिले मागवावेत तर टपालखर्च रिलेहून जास्त. तेव्हा आम्ही पवनी, अड्याळ, लाखांदूर आणि भिवापूरचे मिळून सहा मिस्त्री एकत्र आलो. रोज लागणारे भाग पाहिले तर चाळीस-पन्नासच निघाले. महिन्यातून एकदा त्यांची एकच यादी करतो. पुष्कळ कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांची नावे स्वतःच जाहीर करतात. त्यांत नागपुरात कुणी असेल तर त्याच्याकडून, नसेल तर बाहेरून मागवतो. अट एकच, बिलावर कंपनी आणि नंबर. आलेल्या पुड्यातले दोन नग आम्ही खर्ची घालतो. एक तापवून मोजतो, दुसरा फोडून पाहतो. घरी मंडळी म्हणतात, पैसे देऊन आणलेला माल हातोडीने फोडणारी ही सहा शहाणी माणसे पाहायला तिकीट लावावे.

पहिल्या वर्षी आम्ही एक पुडा परत केला. विक्रेत्याने कुरकुर केली, पण घेतला, कारण बिलावर नंबर होता आणि पुड्यात तो नव्हता. बर्डीवरचा तो अठरा रुपयांवाला दुकानदार आता मला असली रिलेही दाखवतो आणि बिल करून देतो; नकली त्याने ठेवणे सोडले असे मात्र नाही, ते दुसऱ्या खणात आहेत आणि तो खण काही रिकामा राहत नाही. आमच्या सहांतला एक मिस्त्री वाढत्या खर्चाला कंटाळून सोडून गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या दुकानासमोर दुसरे दुकान आहे, माझ्यासमोर नाही.

मी स्वतः गिऱ्हाइकाला चिठ्ठी देऊ लागलो आहे. कोणता भाग काढला, कोणता घातला, कोणत्या कंपनीचा, नंबर काय, किंमत काय. असली परवडत नसेल आणि हलका घातला असेल तर 'हलका' असे स्पष्ट. अक्षर वाईट आहे, पण वाचता येते.

गेल्या आठवड्यात आसगावचे ते शेतकरी पुन्हा आले, बरोबर दहा-बारा वर्षांची नात. दिवाळीची माळ दुरुस्त करायची होती आणि पंपाच्या पेटीतला एक कंडेन्सर फुगला होता. मी दोन्ही कामे केली, चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नातीकडे दिली आणि म्हणाले, "वाच गं, मिस्त्रीने काय लिवलं ते." ती एकेक ओळ वाचत गेली. शेवटच्या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "आजोबा, कंडेन्सरची कंपनी लिहिलीच नाही."

मी चिठ्ठी परत घेतली आणि खणातला पुडा काढून नाव बघू लागलो.